किल्ल्यातली पहाट

(चांगल्या सवयी आणि वेळेचा सदुपयोग यांविषयी आपण नेहमी ऐकतो. परंतु सवयीची खरी कसोटी सुखाच्या दिवसांत लागत नाही, संकटाच्या दिवसांत लागते. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या नेत्यांनी आपला वेळ कसा घालवला आणि मौलाना अबुल कलाम आझाद यांना त्यांच्या सवयींनी दुःखाच्या प्रसंगी कसा आधार दिला, हे या पाठात सांगितले आहे.)

वार्षिक परीक्षा जवळ आली, की घरोघरी वेळापत्रके तयार होऊ लागतात. कोऱ्या कागदावर पट्टीने रेघा आखल्या जातात. "पहाटे पाच वाजता उठणे" ही ओळ लाल शाईने लिहिली जाते. वेळापत्रक भिंतीवर चिकटवले, की अर्धा अभ्यास झाल्यासारखे वाटते! पहिले दोन दिवस सारे ठीक चालते. तिसऱ्या दिवशी पाहुणे येतात. चौथ्या दिवशी डोके दुखते. पाचव्या दिवशी वेळापत्रक भिंतीवर असते आणि आपण अंथरुणात असतो. मग आपण म्हणतो, "काय करणार? वेळच मिळत नाही."

विद्यार्थी मित्रांनो, वेळ मिळत नाही ही आपली नेहमीची तक्रार आहे. पण समजा, एखाद्याला वेळच वेळ दिला, तर? शाळा नाही, नोकरी नाही, बाजारहाट नाही, लग्नकार्ये नाहीत, कोणी भेटायला येणार नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत सारा दिवस मोकळा! असा माणूस आपोआप विद्वान होईल का? मोठी कामे करून दाखवील का?

अशी वेळ १९४२ साली आपल्या देशातील बारा नेत्यांवर आली होती.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर काँग्रेसने 'छोडो भारत' ठराव मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टच्या पहाटे, इंग्रज सरकारने गांधीजींना आणि काँग्रेसच्या प्रमुख नेत्यांना अटक केली. सर्वांना एका खास आगगाडीत बसवण्यात आले. गांधीजींना वाटेत चिंचवड येथे उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले. काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद मात्र पुढे अहमदनगरला गेले. (२०२४ सालापासून या शहराचे अधिकृत नाव अहिल्यानगर असे आहे.)

अहमदनगरचा भुईकोट किल्ला निजामशाहीच्या काळातला. त्याच्याभोवती खोल खंदक आहे. चांदबिबीने मोगलांच्या फौजेशी झुंज दिली ती याच किल्ल्यात. ज्या किल्ल्यात शिरणे शत्रूला कठीण जात असे, त्याच किल्ल्यातून आता बाहेर पडणे कठीण होते. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, पंडित गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, डॉ. पट्टाभि सीतारामय्या, हरेकृष्ण महताब, डॉ. प्रफुल्लचंद्र घोष आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव असे बारा जण तेथे होते. त्यांच्यावर खटला नव्हता. त्यामुळे शिक्षा किती वर्षांची, हेही ठरलेले नव्हते. सुटकेची तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. सुरुवातीचे काही आठवडे तर त्यांना वर्तमानपत्रही मिळत नव्हते आणि घरून पत्रही येत नव्हते. बाहेर सारा देश पेटलेला होता आणि देशाचे हे पुढारी चार भिंतींच्या आत बसून होते.

वेळ भरपूर होता. पण भरपूर वेळ ही नेहमी सुखाची गोष्ट असते असे नाही. ज्याला काही काम नाही, त्याला एक एक तास डोंगराएवढा वाटू लागतो. मन चिडते, शरीर सुस्त होते, सोबत्यांशी विनाकारण भांडणे होतात. तुरुंगात अनेक माणसे अशीच खचून जातात. मग या बारा जणांनी काय केले?

पंडित नेहरूंनी हातात कुदळ घेतली. किल्ल्यातील अंगणाची जमीन नापीक होती. ती दगडगोट्यांनी आणि जुन्या इमारतींच्या मोडतोडीने भरलेली होती. नेहरू भर उन्हात ती जमीन खणत आणि फुलझाडांसाठी वाफे तयार करीत. काही दिवसांनी त्या उजाड अंगणात फुले उमलू लागली. अटकेनंतर वीस महिने लोटले. मग १३ एप्रिल १९४४ रोजी नेहरूंनी लेखणी हातात घेतली आणि अवघ्या पाच महिन्यांत सुमारे हजार हस्तलिखित पाने लिहून काढली. हाच त्यांचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा प्रसिद्ध ग्रंथ. तो १९४६ साली प्रसिद्ध झाला. नेहरूंनी हा ग्रंथ अहमदनगरच्या किल्ल्यातील आपल्या सोबत्यांनाच अर्पण केला आहे.

हजार पाने हा आकडा ऐकला, की आपल्याला भीती वाटते. पण जरा हिशेब करून पाहा. पाच महिने म्हणजे सुमारे १५० दिवस. १,००० पानांना १५० ने भागले, तर रोजची सहा-सात पाने होतात. नेहरू एका रात्रीत हजार पाने लिहायला बसले नाहीत. ते रोज लिहायला बसले, एवढेच. मराठीत म्हण आहे, 'थेंबे थेंबे तळे साचे.' उर्दूतही आपण म्हणतो, 'कतरा कतरा दरिया.' दोन्ही भाषांनी एकच गोष्ट सांगितली आहे.

इतर नेत्यांनीही आपापली कामे शोधली. आचार्य नरेंद्र देव यांना दम्याचा विकार होता, तरी त्यांचा बौद्ध ग्रंथांचा अभ्यास चालूच होता. डॉ. पट्टाभि रोजनिशी लिहीत. पुढे तिचेही पुस्तक झाले. या मंडळींत निरनिराळ्या प्रांतांचे आणि निरनिराळ्या भाषा बोलणारे विद्वान होते. त्यांच्यात इतिहास, धर्म आणि साहित्य या विषयांवर चर्चा होत. ज्याला जे येत होते, ते तो दुसऱ्याला देत होता.

आणि मौलाना आझाद? त्यांचा दिवस सर्वांच्या आधी सुरू होत असे.

रात्र अजून सरलेली नसे. किल्ल्यात सर्वत्र अंधार आणि शांतता असे. अशा वेळी, तीन-चारच्या सुमाराला, मौलाना उठत असत. त्यांचे सोबती गाढ झोपेत असत. मौलाना कोणाला हाक मारत नसत. ते स्वतःच्या हातांनी चहा तयार करीत. हा चहा साधा नव्हता. मोगऱ्यासारख्या सुवासाचा तो चिनी चहा असे आणि ते तो दुधाशिवाय पीत. चहाचा एक एक घोट घेत ते लिहायला बसत. पहाटे उठण्याची ही सवय त्यांना तुरुंगात लागली नव्हती. ती लहानपणापासूनची होती, वडिलांच्या सहवासात लागलेली होती. तुरुंगाने त्यांचे घर, मित्र, काम, सारे हिरावून घेतले. पण ही पहाट त्याला हिरावून घेता आली नाही.

मौलाना पहाटे काय लिहीत? ते आपले मित्र मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. ही पत्रे टपालात पडणार नाहीत, हे त्यांना माहीत होते. ती मित्राच्या हाती कधी पडतील, याचाही भरवसा नव्हता. तरीही ते लिहीत राहिले. इतिहास, तत्त्वज्ञान, धर्म, संगीत, चहा, फुले, पक्षी असे कितीतरी विषय त्यांनी या पत्रांत आणले. सुटकेनंतर, १९४६ साली, ही पत्रे 'गुबारे खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. आज हे पुस्तक उर्दू गद्यातील एक उत्तम पुस्तक मानले जाते. तुमच्या उर्दूच्या शिक्षकांनी त्याचे नाव तुम्हांला नक्कीच सांगितले असेल.

या पुस्तकात चिमण्यांची एक गमतीदार हकीकत आहे. मौलानांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. काड्या आणि कचरा सारखा खाली पडे. मौलाना वैतागले. त्यांनी आधी छत्री उगारली, मग बांबू उगारला आणि चिमण्यांना हुसकावून लावले. पण थोड्या वेळाने पाहतात, तो चिमण्या पुन्हा हजर! शेवटी मौलानांनी हार पत्करली आणि चिमण्यांशी मैत्री करायचे ठरवले. त्यांनी तांदळाचे दाणे जमिनीवर टाकले आणि ते न हलता बसून राहिले. पहिल्यांदा चिमण्या दुरूनच पाहत राहिल्या. मग एक धीट चिमणी पुढे आली, तिच्या मागून दुसरी आली. मौलाना दाण्यांची जागा हळूहळू आपल्या जवळ आणू लागले. असे करता करता एके दिवशी चिमण्या थेट त्यांच्या हातावर बसून दाणे टिपू लागल्या! मौलानांनी त्यांना नावेही ठेवली होती. कोणी मुल्ला, कोणी सूफी, कोणी कलंदर, तर कोणी मोती.

मुलांनो, ही गोष्ट नुसती चिमण्यांची नाही. चांगली सवय हीदेखील चिमणीसारखीच असते. ती धाकाने जवळ येत नाही. एकदम झडप घातली, तर ती उडून जाते. तिच्यासाठी रोज थोडे दाणे टाकावे लागतात, ठरलेल्या वेळी शांत बसावे लागते आणि अंतर थोडे थोडे कमी करावे लागते. जो मुलगा आज आठ वाजता उठतो, त्याने उद्यापासून चार वाजता उठायचे ठरवले, तर चिमणी उडालीच म्हणून समजा! त्याने आधी साडेसात वाजता उठावे. ते अंगवळणी पडले, की मग सात वाजता उठावे.

पण सवय माणसाला काय देते, हे पाहायचे असेल, तर आपल्याला एप्रिल १९४३ कडे वळले पाहिजे.

मौलाना आझाद यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला होत्या. अटकेच्या आधीपासूनच त्यांची प्रकृती बरी नव्हती. मौलाना किल्ल्यात असताना त्यांचा आजार बळावल्याची बातमी आली. किल्ल्याच्या अधिकाऱ्याने मौलानांना सुचवले, की सरकारला काही विनंती करायची असेल, तर ती ताबडतोब मुंबईला कळवता येईल. मौलानांनी साफ नकार दिला. ज्या सरकारविरुद्ध आपण लढत आहोत, त्याच्यापुढे स्वतःसाठी हात पसरणे त्यांना मान्य नव्हते. पंडित नेहरूही याबाबत त्यांच्याशी बोलले. मौलानांचा निश्चय कायम राहिला.

हा निश्चय सोपा नव्हता. त्या दिवसांत वर्तमानपत्र दुपारी येत असे. पावलांचा आवाज कानी पडला, की मौलानांचे काळीज धडधडू लागे. आज त्यात काय बातमी असेल? धावत जावे आणि पेपर ओढून घ्यावा, असे त्यांना वाटे. पण ते जागचे हलत नसत. त्यांची बैठक अशी होती, की दारातून येणाऱ्याला त्यांचा चेहरा दिसत नसे. पेपर घेऊन माणूस आत आला, की ते हसून टेबलाकडे बोट दाखवीत आणि हातातले लेखन चालू ठेवीत. जेवणाच्या वेळी भूक नसे. तरीही ते ठरलेल्या वेळी सर्वांबरोबर जाऊन बसत आणि चार घास कसेबसे गिळत. पहाटेचे उठणे, चहा, लेखन, जेवण, कशातही त्यांनी खंड पडू दिला नाही.

९ एप्रिल १९४३ रोजी झुलेखा बेगमच्या मृत्यूची तार आली. पती-पत्नीची शेवटची भेट झालीच नाही. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. ती कोणाची, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मौलानांनी ती पूर्वी अनेकदा पाहिली होती. पण त्या दिवसापासून त्या अनोळखी कबरीविषयी त्यांना एक वेगळीच आपुलकी वाटू लागली. दोनच दिवसांनी, ११ एप्रिलला, त्यांनी हे सारे आपल्या मित्राला पत्रात लिहिले.

त्या पत्रातील एक गोष्ट आपण नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपण किती खंबीर आहोत, अशी बढाई मौलानांनी मारलेली नाही. उलट, त्यांनी प्रांजळपणे कबूल केले आहे, की बाहेरून दिसणारी ही शांती पुष्कळशी दिखाऊ होती, आतून मन हललेले होते. मग त्या सवयींचा काय उपयोग झाला? सवयीने त्यांचे दुःख नाहीसे केले नाही. कोणतीही सवय ते करू शकत नाही. पण मन कोसळत असताना सवयीने त्यांना उभे ठेवले. अंधाऱ्या जिन्यातून उतरताना आपण कठड्याला धरतो. कठडा अंधार दूर करत नाही, पण तो आपल्याला पडू देत नाही. आणि तो कठडा पडण्याच्या वेळी बांधता येत नाही, तो आधीच बांधून ठेवावा लागतो. मौलानांनी तो लहानपणापासून बांधला होता.

आता आपण आपल्याकडे वळू या.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अभ्यासाची वेगळी खोली नसेल. एकाच खोलीत आई स्वयंपाक करते, लहान भाऊ रडतो, टीव्ही चालू असतो, अब्बा कामावरून थकून येतात. काही जण शाळा सुटल्यावर दुकानात किंवा कारखान्यात हातभार लावत असतील. मुलींना तर घरकामातून उसंत मिळणे कठीण. या अडचणी खऱ्या आहेत. 'मनात आणले, की सारे जमते' असे म्हणून त्या दूर होत नाहीत. म्हणूनच आपल्या दिवसात जो थोडा वेळ आपल्या हाती असतो, तो ओळखायला शिकले पाहिजे. कोणाला तो फजरच्या नमाजनंतर मिळेल, कोणाला दुपारी घर शांत असताना, तर कोणाला शाळेत वर्ग भरण्याआधी अर्धा तास. वेळ कोणतीही असो, ती रोज एकच असावी. जागाही शक्यतो एकच असावी. मग 'आज बसू की नको?' हा प्रश्नच मनात उठत नाही. पाय आपोआप तिकडे वळतात.

अर्धा तास म्हणजे काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. पुन्हा हिशेब करा. रोज अर्धा तास म्हणजे वर्षाचे १८२ तासांहून अधिक होतात. शाळेचा दिवस पाच तासांचा धरला, तर हे छत्तीस दिवस झाले. म्हणजे शाळेचे छत्तीस दिवस तुम्हांला जादा मिळाले! एवढ्या वेळात एखादी नवी भाषा वाचायला शिकता येईल, अक्षर सुधारता येईल, गणिताची भीती घालवता येईल. रोज मराठीचे पाच नवे शब्द शिकलात, तर वर्षाच्या शेवटी तुमच्याजवळ अठराशेहून अधिक शब्द असतील.

आणि एखादे दिवशी खंड पडलाच, तर? आजारपण येते, घरात कोणाचे लग्न असते, प्रवास करावा लागतो. खंड पडला म्हणून सवय मोडत नाही. 'आता काय उपयोग?' असे म्हणून आपण दुसऱ्या दिवशीही बसत नाही, तेव्हा ती मोडते. एक दिवस चुकला, तर दुसरा दिवस चुकवायचा नाही, एवढा नियम पाळला तरी पुरे.

विहिरीच्या काठावरचा दगड तुम्ही पाहिला असेल. रोज दोर घासून त्याच्यावर खोल चर पडलेला असतो. दोर मऊ, दगड कठीण. तरी चर पडतो तो दगडावर. वाईट सवयीचेही असेच आहे. रोज थोडी टाळाटाळ, रोज थोडा आळस, रोज हातातल्या मोबाईलमध्ये गेलेला एक तास, यांचाही चर पडतोच. दोर कोणता घासायचा, हे मात्र आपल्या हाती आहे.

पंडित नेहरू २८ मार्च १९४५ पर्यंत, म्हणजे सुमारे ९६० दिवस, अहमदनगरच्या किल्ल्यात होते. त्यानंतर त्यांना आणि मौलाना आझादांना दुसऱ्या तुरुंगांत हलवण्यात आले. जून १९४५ मध्ये दोघांची सुटका झाली. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला. नेहरू पहिले पंतप्रधान झाले आणि मौलाना आझाद पहिले शिक्षणमंत्री. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी मौलानांचे निधन झाले. तोपर्यंत देशाच्या शिक्षणाची धुरा त्यांच्याकडेच होती. ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस २००८ सालापासून आपण 'राष्ट्रीय शिक्षण दिन' म्हणून साजरा करतो.

त्या दिवशी शाळेत भाषणे होतील, निबंध वाचले जातील. ते सारे झाल्यावर घरी जाऊन तुम्ही एक छोटीशी गोष्ट करा. दुसऱ्या दिवशी रोजच्यापेक्षा थोडे लवकर उठा. घर झोपलेले असेल, रस्ता शांत असेल. एक वही घ्या आणि तिच्यात चार ओळी लिहा. तीन-चार वाजता, कैदेच्या अंधारात, एका कैद्याने चहाचा पेला बाजूला ठेवून अशाच ओळी लिहिल्या होत्या. त्याच्याकडे स्वातंत्र्य नव्हते. आपल्याकडे ते आहे, आणि पहाटही आहे.

शब्दार्थ

भुईकोट किल्ला – सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला.
खंदक – किल्ल्याभोवतीचा खोल चर.
नापीक – ज्या जमिनीत पीक येत नाही अशी.
वाफा – रोपे लावण्यासाठी तयार केलेली जागा.
रोजनिशी – रोजच्या घटना लिहिण्याची वही.
हकीकत – घडलेली गोष्ट.
प्रांजळपणे – मनात काही न लपवता.
कठडा – जिन्याच्या कडेचा आधार.
उसंत – थोडा मोकळा वेळ.
चर – घासून किंवा खणून पडलेली लांबट खाच.

वाक्प्रचार

कसोटी लागणे – परीक्षा होणे.
हार पत्करणे – पराभव मान्य करणे.
अंगवळणी पडणे – सवय होणे.
हात पसरणे – याचना करणे.
खंड पडणे – मध्येच थांबणे.
हातभार लावणे – मदत करणे.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गांधीजींना आगगाडीतून कोठे उतरवण्यात आले?
(आ) नेहरूंनी आपला ग्रंथ कोणाला अर्पण केला?
(इ) मौलाना आझाद पहाटे कोणाला पत्रे लिहीत?
(ई) राष्ट्रीय शिक्षण दिन केव्हा साजरा केला जातो?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अहमदनगरच्या किल्ल्यातील जमीन कशी होती? नेहरूंनी तिचे काय केले?
(आ) मौलानांनी चिमण्यांशी मैत्री कशी केली?
(इ) मौलानांनी सरकारला विनंती करण्यास नकार का दिला?
(ई) सवय केव्हा मोडते, असे लेखकाने म्हटले आहे?

प्रश्न ३. सात-आठ वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'चांगली सवय ही चिमणीसारखी असते' हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(आ) सवयीने मौलानांचे दुःख नाहीसे केले नाही. मग तिचा उपयोग काय झाला? तुमच्या शब्दांत लिहा.

प्रश्न ४. कारणे लिहा.
(अ) पत्रे टपालात पडणार नाहीत हे माहीत असूनही मौलाना लिहीत राहिले.
(आ) अभ्यासाची वेळ आणि जागा रोज एकच असावी.

प्रश्न ५. पुढील शब्द तुम्हांला उर्दूतही भेटतात. ते उर्दूत लिहा आणि प्रत्येक शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
किल्ला, कैदी, तारीख, जमीन, कागद, हजर

प्रश्न ६. व्याकरण
'मौलाना पहाटे उठत असत.' या वाक्यात क्रिया पूर्वी नेहमी घडत होती, असे समजते. या काळाला रीती भूतकाळ म्हणतात. पुढील वाक्ये रीती भूतकाळात लिहा.
(अ) नेहरू उन्हात जमीन खणतात.
(आ) आई रोज कुराण वाचते.
(इ) आम्ही संध्याकाळी मैदानावर खेळतो.

उपक्रम
एका आठवड्यासाठी रोजनिशी ठेवा. रोज तुमच्या हाती स्वतःचा असा किती वेळ होता आणि तो कोणत्या कामात गेला, हे मराठीत दोन-तीन वाक्यांत लिहा. आठवड्याच्या शेवटी त्याचा हिशेब करून वर्गात वाचून दाखवा.